सात पौंड दोन औंस

"किलोबिलो मला नको सांगूस. पौंडात सांग!" बाळंतिणीच्या सासूबाई हटूनच बसल्या होत्या.

"सहा पौंड नऊ औंस, आजी. ठणठणीत आहे पोरगा."

सिस्टरला त्यासाठी कागद लागत नसे. एकतीस वर्षं बाळांची वजनं करण्यात गेलेली. किलोचे पौंड तिच्या जिभेवरच होते.

आज मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळीच परदेशातून जावयाचा निरोप आला होता. मुलगी झाली, सात पौंड दोन औंस, दोघी बऱ्या. तीन वर्षं लेकीने अबोला धरला होता. लेकीच्या लग्नाला न जाण्याचा हट्ट सिस्टरचाच, तेव्हा तक्रार करणार कुणाकडे? तरी सिस्टरने विचारलंच, येऊ का? उत्तर आलं, ती म्हणते, इतक्यात नको. हजारो पोरं हाताखालून गेली, आणि घरचं एक हातात घ्यायला जीव नुसता तुटत होता.

दुपारी वॉर्ड निजल्यावर ती सामानाच्या खोलीत शिरली. बाळांच्या वजनकाट्यावर दुपटं पसरून शून्य केलं. सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो आणि वर प्लास्टिकचं थोडंसं. कपाटात सहाच बाटल्या होत्या, त्या सगळ्या ठेवल्या. कमी पडलं ते कापसाने भरून काढलं. तीन किलो दोनशे सहासष्ट.

मग तिने कपाळावर हात मारून घेतला. मोबाईलवर किलो काढताना तिने सात पूर्णांक दोन दशांश पौंड धरले होते. पौंडाचे औंस काय दहा असतात? सोळा! जगाला शिकवण्यात जन्म गेला आणि नातीच्या वेळी अक्कल गहाण पडली. चौतीस ग्रॅम कापूस तिने मोजून काढला. पोरीचं वजन उगाच फुगवून कसं चालेल?

दुपटं गुंडाळून तिने उचललं. बोटं सवयीने मानेखाली गेली. बाटल्या गार होत्या, म्हणून तिने ते छातीशी घट्ट धरलं.

"एवढीच आहेस होय ग," ती म्हणाली, आणि रडू आवरेना.

तेवढ्यात दार ढकलून वॉर्डातली आया आत आली. "सिस्टर, चार नंबरला सलाईन..." निरोपाचं तिला ठाऊक होतं. रिकामं कपाट दिसलं, दुपटं दिसलं.

"किती भरली?" तिने हळूच विचारलं.

"सात पौंड दोन औंस."

"चांगली गुटगुटीत आहे हो."

सिस्टरने डोळे पुसले. "चार नंबरला किती हव्यात, मावशी?"

"दोन."

सिस्टर दुपटं सोडायला लागली, तसा मावशीने तिचा हात धरला.

"डोक्याकडच्या नको काढू. पायाकडच्या दे."

सिस्टरने पायाकडच्या दोन बाटल्या काढून दिल्या आणि दुपटं पुन्हा गुंडाळलं.