फायबरमधून आलेला बिलहसन

गुरुवारी तिसऱ्या प्रहराची नमाज झाली की ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या महदिया गावात म्हेरझियाच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. पाच आया भिंतीला टेकून बसत, त्यांच्यामागे शेजारपाजार. बैठकीत नवा फायबरचा राउटर होता, त्याच्यावर हिरवं फडकं टाकलेलं. गंडेदोरे करणारे सी लजमी डोळे मिटून पुटपुटू लागले की थोड्या वेळानं म्हेरझियाचा फोन किणकिणे आणि पडद्यावर अक्षरं उमटत : ‘बिलहसनचा फोन वाय-फायला जोडला गेला.’

बायका हुंदके देत. म्हेरझिया पडद्याचा मुका घेई.

बिलहसन तिचा मुलगा. दीड वर्षापूर्वी ह्याच पाच आयांच्या पोरांबरोबर होडीतून चोरून इटलीला निघाला. होडी पोचली नाही आणि परतही आली नाही.

“तांब्याची तार बहिरी होती, बायांनो,” लजमी सांगत. “फायबरमध्ये प्रकाश धावतो. त्याला ना समुद्र अडवतो, ना तुरुंगाची भिंत. पोरगा कुठंतरी कोंडलाय, पण त्याच्या फोनला घर सापडलं. तुमची पोरं तर दारापर्यंत येऊन परत जातात. आत कशी येणार? तुमच्याकडं जुनी तार.”

तेव्हा नवा राउटर हवा, आणि मंतरलेला हवा तर तो लजमींकडूनच घ्यायला हवा. त्या आयांपैकी लतीफाखालानं त्यासाठी लग्नातल्या बांगड्या मोडल्या.

बिलहसनची बहीण दोरसाफ शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. असल्या गोष्टींना ती हसायची. पण पहिल्या गुरुवारी ती हसली नव्हती. फायबर बसवणाऱ्यानं वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला होता, घरातले फोन आपोआप जोडले जावेत म्हणून. मग भावाचा फोनही जोडला जाणारच, असं तिच्या मनात आलं. वाय-फाय गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा पोचत नाही, म्हणजे तो इथंच आहे. ती अनवाणी गल्लीत धावली होती. गल्लीत लजमींची मोपेड तेवढी उभी होती.

ती परत आली आणि मोपेडबद्दलची शंका मनातच ठेवली. त्या रात्री जेवताना आईला हसलेलं तिनं दीड वर्षात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

चौथ्या आठवड्यात दवाखान्यातून निरोप आला. किनाऱ्याला लागलेली काही बेवारस प्रेतं नंबर टाकून पुरली होती. आयांनी लाळेचा नमुना दिला तर ओळख पटण्यासारखी होती.

“जिवंत पोराचं मढं शोधायला मी नमुना देऊ?” म्हेरझिया दोरसाफला म्हणाली. “तुझी जीभ कशी रेटते गं?”

बाकीच्या आयांनीही नकार दिला. दोरसाफनं त्या दिवशी ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

पुढच्या गुरुवारी फोन किणकिणल्यावर ती आईशेजारी जाऊन बसली. आईच्या फोनवर नव्या राउटरची यादी होती, तिच्यात प्रत्येक फोनपुढं सिग्नलच्या रेघा दिसत. बिलहसनच्या नावापुढं सगळ्या भरलेल्या होत्या.

“सी लजमी, जरा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या.”

“काय काम आहे?”

“काही नाही. तुम्ही गेल्यावरही बिलहसन इथं राहतो का, ते बघायचंय.”

“प्रकाशाला अंतर नसतं, पोरी.”

“मग जाऊन या ना. काय बिघडणार आहे?”

सगळ्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. लजमी उठले. ते दारापाशी गेले तशा दोन रेघा गेल्या. गल्लीत वळले तशी एकच उरली, आणि मग नावच गेलं.

“अविश्वासाचा वारा लागला,” लजमी परत येत म्हणाले. ते बोलत असतानाच नाव पुन्हा उमटलं.

दोरसाफनं स्वतःचा फोन काढला. “फोनला नाव आपणच देतो. ह्यांनीही स्वतःच्या फोनला दिलंय. हे बघा.” तिनं आपल्या फोनचं नाव बदललं. म्हेरझियाच्या पडद्यावर आता दोन बिलहसन होते.

“पासवर्ड ह्यांना कुणी दिला?” लतीफानं विचारलं.

“मीच,” म्हेरझिया हळू म्हणाली. “दुआ करायला मागितला होता.”

लजमींची मोपेड सुरू झाली तेव्हा त्यांना अडवायला कुणी उठलं नाही. म्हेरझिया दोन्ही नावांकडं बघत राहिली. मग मुलीला म्हणाली, “तुझं तरी पूस.”

आठ दिवस ती दोरसाफशी बोलली नाही. नवव्या दिवशी चादर अंगावर घेऊन दारात उभी राहिली. “चल. कुठं तोंड उघडायचंय, दाखव.”

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सत्तेचाळीस नंबरची कबर बिलहसनची होती.

मातमाला आलेल्या आयांपैकी तिघींनी अजून नमुना दिला नव्हता. दोरसाफ त्यांच्यासमोर बसली.

“आशा सोडा असं मी म्हणत नाही, खाला. मी स्वतः अनवाणी धावले होते. पण कुणी चमत्कार दाखवला तर हे कसं होतं, एवढं विचारा. त्यालाच विचारा, सगळ्यांसमोर. तो चिडला तर उठून या. आपण रडतोय म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, असं थोडंच आहे?”

“आणि उत्तर वाईट आलं तर?” लतीफा म्हणाली.

“आमचं वाईटच आलं. पण शुक्रवारी दुआ करायला कुठल्या कबरीवर जायचं ते आईला आता ठाऊक आहे.”

लतीफानं रिकाम्या मनगटावरून हात फिरवला.

“दवाखाना किती वाजता उघडतो?” तिनं विचारलं.