ट्यूलिपचं दुसरं पान

"कोणी सोडलं इथं पाणी? कोणी?"

तिलेकनं फावडं भिंतीवर फेकलं. महिनाभर वरच्या कुरणात मेंढरांमागं राहून तो आत्ताच घरी आला होता. अंगणाच्या कोपऱ्यात दगडांनी आखलेला हातभर वाफा नुसता चिखल झाला होता.

"मी सोडलं," आई म्हणाली. "पाटाच्या दर पाळीला सोडलं. बटाट्यांना द्यायचं, जर्दाळूला द्यायचं आणि हेच कोरडं?"

"डोंगरातलं आहे ते! उन्हाळाभर कोरडंच झोपतं! शंभरदा सांगितलं!"

"हळू बोल. शेजारची गाढवं बिथरतील."

तिलेक दहा वर्षांचा होता तेव्हा बापानं इथं लाल डोंगरी ट्यूलिपचं बी टाकलं होतं. डोंगरातला कंद उकरायला बंदी, म्हणून बी. दर वसंतात एकच पान यायचं, वाळून जायचं. मधे बाप वारला. थोरले दोघं भाऊ मॉस्कोला कामाला गेले. धाकट्यानं घर सांभाळायचं, हे तलासच्या खोऱ्यात कोणी कोणाला विचारत नाही. तिलेकची नववीतच शाळा सुटली, मेंढरं आणि पाटाचं पाणी गळ्यात आलं. मागच्या वर्षी मलाही मॉस्कोला जायचंय म्हणून तो खूप भांडला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "बापाचं फूल एकदा बघू दे. मग जा."

यंदा पहिल्यांदाच दुसरं पान आलं. दुसरं पान आलं की पुढच्या वसंतात फूल. भावानं तिकडं मॉस्कोत मुकादमाला त्याच्या कामाचं सांगूनही ठेवलं होतं.

तिलेकनं गुडघे टेकून चिखलात बोटं घातली. कंद सापडला. दाबला, तर पिकल्या फोडासारखा फुटला. घाण वास आला.

"झालं तुझ्या मनासारखं," तो म्हणाला. "बस आता मला बांधून."

आई वाफ्याच्या कडेला बसली.

"मला वाटलं, पाणी दिलं तर लवकर येईल," ती म्हणाली. "तू लवकर सुटशील, माझ्या शिंगरा."

तिलेकला तोंड वर करवेना. ती उठली, आत गेली, एक काड्यापेटी घेऊन आली. त्यात बापानं ठेवलेलं उरलेलं बी होतं, चपटं, तपकिरी.

"ह्या वेळी मी हातसुद्धा लावणार नाही."

"पुन्हा सात वर्षं, आई."

तिनं काड्यापेटी त्याच्या हातात ठेवली.

"ए तिलेक!" भिंतीपलीकडून म्हातारा सापारबाय ओरडला. "पाळी संपली तुमची! पाट वळव, माझी मका वाळतेय!"

तिलेकनं काड्यापेटी खिशात टाकली, फावडं उचललं.

"जातो," तो म्हणाला. "पाणी वळवायचंय."