आत्याचा देवमासा

या, जवळ सरका. ऐकून तुमचंही रक्त उसळेल अशी गोष्ट सांगतो.

होडीवाल्याच्या आत्याची नजर विझत चालली होती. ती पुरती जाण्याआधी तिला एकदा देवमासा पाहायचा होता. होडीवाल्याने तिला समुद्रात नेलं, देवमाशांच्या जागेपासून रिवाजाप्रमाणे लांबच इंजिन बंद केलं आणि दोघं गाभाऱ्यासमोर बसावं तशी गप्प बसली. लेकुरवाळी मादी पिल्लाला घेऊन होडीकडे येऊ लागली, तोच मागून आलेल्या एका पर्यटक जहाजाने प्रवाशांना डेकवर बोलवायला भोंगा वाजवला. जळो मेली ती हौस! मायलेकरं बुडी मारून खोल गेली. आत्याला दिसली नुसती लाट.

"देवाच्या दारात भोंगा? लाज कशी वाटत नाही?" होडीवाला कडाडला. वरून लोकांनी हसून हात हलवले.

"ओरडू नकोस रे," डोळे पुसत आत्या म्हणाली, "पिल्लू आणखी घाबरेल."

समुद्रावर गेलात, तर या आत्याची आठवण ठेवा.