मागच्या पोर्चवरची हवा

संजीवच्या परदेशातल्या घरासमोर, डेव्हन ॲव्हेन्यूच्या बाजूच्या रस्त्यावर, ट्रकांचा डेपो होता, आणि डेपोवाल्यांना आता दुप्पट ट्रक आणायला शहराची परवानगी हवी होती. संजीवच्या आरोहीला दमा. नऊ वर्षांची पोर, जिना चढली तरी धापा टाकायची. बापाचा जीव तुटत होता हे खरंच. पण संजीव पडला डेटा इंजिनिअर, त्याला जीव तुटण्याचाही ग्राफ लागे.

त्याने हवेतले बारीक कण मोजणारं यंत्र मागवलं आणि मागच्या लाकडी पोर्चवर ठोकलं.

"अरे, ट्रक पुढून जातात," त्याची बायको उल्का म्हणाली.

"पुढे वायफाय वीक आहे. आणि तू यात पडू नकोस, प्लीज. हे सायन्स आहे."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. संजीवला तो लागला नाही.

दर रविवारी साडेबाराला आकडा आभाळाला भिडायचा आणि संजीव हरखून जायचा. चोर सापडला होता! दोन महिन्यांचे असे ग्राफ घेऊन तो सहकुटुंब परवानगीच्या सुनावणीला गेला आणि पडद्यासमोर ऐटीत उभा राहिला.

डेपोच्या वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "रविवारी आमचा डेपो बंद असतो. मग हे काय आहे?"

संजीव घाईघाईने ग्राफ मागेपुढे सरकवू लागला. तेवढ्यात आरोही मोठ्याने म्हणाली, "डॅड, दॅट्स मॉम्स फिश!"

ऑफिसच्या कोटांना वास लागू नये म्हणून उल्का दर रविवारी बांगडे पोर्चवर तळायची, यंत्राच्या बरोबर खाली शेगडी मांडून. इथल्या निम्म्या मराठी घरांत हेच चालतं. पण आयत्या ताटावर बसणाऱ्याला शेगडी कुठे असते हे कोण सांगणार? सभागृह खो खो हसलं. डेपोला परवानगी मिळाली.

संजीवने निमूटपणे वायफायचा बूस्टर आणला आणि यंत्र पुढे लावलं. सोमवारी सकाळी सहाला ट्रकांची रांग लागली, आणि आकडा साऱ्या रविवारांच्या वर गेला. त्याने तो लगेच सुनावणीच्या अधिकाऱ्याला मेल केला.

तासाभरात एका ओळीचं उत्तर आलं : "आज काय तळताय?"

आत आरोही खोकत होती. घरात अजून चहासुद्धा झाला नव्हता.