लपवलेलं गजकर्ण

मावशीच्या मोठ्या लेकीला मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळ अडीच महिन्यांचं होतं, लेक बाळाला घेऊन आईकडेच राहत होती, आणि त्याच दिवसांत मावशीच्या डाव्या मनगटाला खाज सुटली.

मावशी म्हणजे प्राण्यांच्या निवाऱ्यात मांजरांचं बघणारी बाई. अकरा वर्षं ती तिथे होती. सगळे तिला मावशीच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले तिथले साहेबसुद्धा. मनगटावर रुपयाएवढा गोल लाल चट्टा उठला होता. कडा उंचावलेली, मधे कातडी कोरडी. भर उन्हाळ्यात तिने लांब बाह्यांचे कपडे घालायला सुरुवात केली. बसलं की खाज सुटे, म्हणून ती बसेचना. पुसलेला ओटा पुन्हा पुशी, घडी केलेली चादर उलगडून पुन्हा घडी करी.

चट्टा कसला, ते तिला ठाऊक होतं. गजकर्ण. कुठून आलं, तेही ठाऊक होतं.

निवाऱ्याच्या मागच्या अंगाला सामानाची एक जुनी खोली होती. मोडके पिंजरे, फुटक्या बादल्या, कुणी फिरकत नसे. तिथे गेले सव्वीस दिवस तिने एक तांबूस बोका लपवला होता. दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची त्याला सवय, म्हणून त्याचं नाव पडलं मुकादम. एका सकाळी त्याच्या कानामागे केस गेलेला गोल डाग दिसला, आणि मावशीने त्याला एप्रनखाली धरून तडक मागच्या खोलीत नेलं. साहेबांना सांगितलं, "मुकादम पळाला."

असं खोटं ती का बोलली? दोन वर्षांपूर्वी मांजरांच्या एका खोलीत गजकर्ण निघालं होतं. तेव्हा साहेबांनी नियम केला : गजकर्ण दिसलं की खोली रिकामी करायची. रिकामी म्हणजे काय, ते मावशीने पाहिलं होतं. एका दुपारी नऊ मांजरांना मरणाचं इंजेक्शन दिलं, आणि नऊही वेळा मांजर धरायला तीच होती.

आता तिच्याकडे पिल्लांची खोली होती. चौदा पिल्लं. मुकादम बरा होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

सकाळी आली की ती आधी मुकादमकडे जाई. आजारी जीव, एकटा पडलेला, त्याला आधी नको का बघायला? त्याला मांडीवर घ्यायची, ब्रशने विंचरायची, घरून आणलेलं मलम लावायची आणि मग पिल्लांकडे जायची. हात ती धूत होती हो, साबणाने, दोनदा धूत होती! पण अंगावरचा एप्रन तोच होता. खिशातला ब्रशही तोच होता.

दहाव्या दिवशी एका पिल्लाच्या नाकावर डाग आला. मग दुसऱ्याच्या पंजावर. डॉक्टरबाई मंगळवारी आणि शुक्रवारी येत. त्या दोन दिवशी डागवाली पिल्लं मागच्या खोलीत जात आणि संध्याकाळी परत येत. सव्वीस दिवसांत डागवाली सात झाली.

सव्विसाव्या दिवशी, गुरुवारी, लेकीने हाक मारली.

"आई, हे बघ गं जरा."

बाळाच्या गालावर एक बारीक गोल उठलं होतं.

"उष्णतेचं असेल," मावशी म्हणाली.

"उष्णता काय कंपास घेऊन येते?" लेकीने आईचा हात धरला आणि बाही वर सरकवली. बराच वेळ ती त्या मनगटाकडे बघत राहिली. "किती दिवस झाले याला?"

मावशीने बाही खाली ओढली.

"भेटायला आलेल्या प्रत्येकाला तू मोरीकडे पाठवतेस. आधी हात धुवा, मग बाळाला घ्या. सासूबाईंनासुद्धा सोडलं नाहीस! आणि तू?"

"अगं, मी धुते की..."

"मी हिला दवाखान्यात घेऊन जाते. तुझ्या मांजरांचं काय ते तू बघ. तोवर हिला उचलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी निवाऱ्यात आली ती कुठेच थांबेना. मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, परत फिरली. पिल्लांच्या खोलीपर्यंत गेली, परत फिरली. शेवटी धुलाईच्या खोलीत शिरली. तिथे धुलाईकाका होते. निवाऱ्यातल्या चादरी, टॉवेल, एप्रन सगळे त्यांच्या हातून जात. माणूस सत्तरीचा, तोंडाने फटकळ.

"ये बाई. तुझ्याकडेच यायचं होतं मला." काकांनी कपडे वाळवण्याच्या मशीनची जाळी काढून तिच्यापुढे धरली. जाळीवर केसांचा थर होता, तांबूस. "या निवाऱ्यात तांबूस मांजर एकच होतं. ते पळालं म्हणतेस. पळून तुझ्या मांडीवर बसलंय का? तीन आठवडे त्याचे केस तुझ्या एप्रनवर येतायत."

"काका, हळू बोला ना."

"मशीनच्या आवाजात माझं मला ऐकू येत नाहीये, हळू काय बोलू?" त्यांनी कॉलर खाली ओढली. मानेवर गोल चट्टा होता. "हे तुझ्या एप्रनचं बक्षीस."

मावशी कपड्यांच्या ढिगावर बसणार होती, पण त्याला हात लावायचीही आता तिला भीती वाटली. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. बोका, पिल्लं, बाळाचा गाल, सगळं.

काकांनी जाळी परत मशीनमध्ये बसवली. मग म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं कपडे धुतोय मी. आधी स्वच्छ, मग मळके, सगळ्यात शेवटी घाणीतले. उलटं केलं तर शेवटी सगळेच घाणीतले होतात. तू सकाळी आधी कुणाकडे जातेस?"

"आजारी होता हो तो... एकटा होता..."

"तुझ्या मायेत खोट नाही. पण तू क्रम उलटा लावलास. मुकादमचा आजार पिल्लांच्या खोलीत त्याच्या पायांनी नाही गेला, तुझ्या पायांनी गेला."

"मग काय करू? सांगितलं तर मारतील! नऊ जणांना मी या हातांनी धरलंय, काका!"

"आणि नाही सांगितलंस तर? आज सात, पंधरवड्यात चौदाच्या चौदा. तेव्हा तुझं कोण ऐकून घेईल? आज सांगितलंस तर भांडता तरी येईल. चल. डॉक्टरबाई आल्यात, मीही येतो."

डॉक्टरबाई निवाऱ्यात नव्या होत्या. मावशीने मुकादमला त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं आणि सगळं सांगितलं, तरी त्या रागावल्या नाहीत. "पडदे ओढा," एवढंच म्हणाल्या आणि एक छोटा निळसर दिवा पेटवला. त्या उजेडात मुकादमच्या कानामागचे केस कच्च्या हिरव्या रंगाने चमकले. "गजकर्ण या दिव्यात प्रत्येक वेळी चमकतंच असं नाही. इथे चमकतंय, म्हणजे शोधणं सोपं," त्या म्हणाल्या. मग दिवा वळला आणि चुकून मावशीवर पडला.

एप्रनवर, मांडीपाशी, छातीपाशी, बाह्यांच्या टोकांना हिरवे ठिपके चमकत होते! खिशातला ब्रश तर निम्मा हिरवा होता.

"हा रोग लागतो तो या केसांनी," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

मावशीने एप्रन अंगावरून काढला. धरू कुठे, ठेवू कुठे, तिला समजेना. काकांनी पिशवी पुढे केली.

तेवढ्यात साहेब आत आले. टेबलावर मुकादमला पाहून जागीच थांबले. काय झालं ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"नियम ठाऊक आहे ना सगळ्यांना? पिल्लांची खोली रिकामी करावी लागेल."

"साहेब, चौदा आहेत. सात जणांना अजून काहीच झालेलं नाही."

"आज नाही झालेलं! गेल्या वेळी इथून मांजर नेलेल्या एका घरात चार लेकरांना झालं, मावशी. त्यांची आई इथे दारात उभी राहून रडली. तिच्यापुढे मी उभा होतो, तुम्ही नव्हता. हे माणसांना लागतं. बाळांना लागतं!"

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली आणि तिने बाही वर केली. "माझ्या नातीला लागलंय. माझ्यामुळे."

मग काका पुढे झाले. त्यांनी कॉलर खाली ओढली आणि मान साहेबांपुढे केली.

"मलाही लागलंय, साहेब. म्हणजे मी, मावशी आणि तिची नात. आम्हाला कधी टोचताय?"

"काका, काहीतरी बोलू नका!"

"काहीतरी काय त्यात? बुरशी एकच. बाळाला मलम, मला मलम आणि मांजराला मरण! हा कुठला नियम?"

साहेबांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "हे बरं होतं?"

"होतं. तोंडातून औषध, आठवड्यातून दोनदा चुना-गंधकाच्या पाण्याची आंघोळ, रोज खोलीतला केस न् केस उचलणं आणि नंतर जंतुनाशकाने पुसणं. केसांच्या दोन तपासण्या लागोपाठ स्वच्छ आल्या की सुटी. सहा-आठ आठवडे लागतील. तोवर एकही पिल्लू बाहेर द्यायचं नाही."

"मागच्या वेळी हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलं होतंत?"

साहेब खुर्चीवर बसले. मावशीला म्हणाले, "माझ्याशी खोटं बोललात तुम्ही."

"बोलले. चुकलं माझं. पण पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

साहेब उठले, भिंतीवरचा नियमांचा कागद काढून आणला, त्यातली ती एक ओळ पेनने खोडली आणि मावशीला म्हणाले, "काय लिहायचं, सांगा."

"आधी निरोगी, मग आजारी," मावशी म्हणाली. "आणि डाग दिसला की त्याच दिवशी सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी बोलायचं नाही."

पुढचे आठवडे सोपे नव्हते. गंधकाच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास, आणि त्यात बुडवताना पिल्लं अशी किंचाळत की कान बधिर होत. मुकादमने मावशी आणि काका, दोघांचे हात ओरबाडले. आजारी खोलीचा एप्रन वेगळा, चपला वेगळ्या, ब्रश वेगळा. मावशीला रोज सकाळी मुकादमच्या दारावरून पुढे जावं लागे. तो आतून हाका मारी, ती न थांबता निरोग्यांकडे जाई. त्यासारखं अवघड काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. त्या सव्वीस दिवसांत दोन मोठी मांजरं लोकांच्या घरी गेली होती, तिथे फोनही तिनेच केले. एका घरच्या माणसाने वाटेल ते बोलून घेतलं. दुसऱ्या घरच्या आजी म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मी नातवाला दुसरंच काहीतरी चोळत होते."

बाळाचा गाल तीन आठवड्यांत साफ झाला. लेकीने बाळ आईच्या हातात दिलं, पण आधी मोरीकडे बोट दाखवून.

वाचकहो, गजकर्ण म्हणजे शाप नव्हे, पाप नव्हे. ती एक बुरशी आहे आणि ती बरी होते. तिला वाढायला लागतो तो आपला लपवालपवीचा स्वभाव. आणि माणूस लपवतो कधी? खरं सांगणाऱ्याला आपण शिक्षा करतो तेव्हा. आपल्या घरात, कचेरीत, वस्तीत असा एखादा नियम असेल, तर तो आजच खोडा. आजार झाकू नका, आणि आजारी जिवाला संपवून आजार संपवल्याचं समाधान मानू नका!

मुकादम आणि चौदा पिल्लं, त्या पंधरा जणांपैकी गजकर्णाने एकही मेलं नाही. धुलाईकाका दुसऱ्या वर्षी जानेवारीत झोपेत गेले. मुकादम त्यांच्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हातारपणाने गेला.