दहा वेळा एकच ठिपका

मित्रांनो, मी हाताने चालवायचे एक जुने छपाई यंत्र आहे. माझ्या पायावर पत्र्याची एक पाटी आहे, पण तिच्यावरचे साल घासले गेले आहे, म्हणून वय नेमके सांगता येणार नाही. जेवढे नेमके आठवते तेवढेच सांगणार आहे.

मला मधोमध एक जाड लोखंडी खांब आहे. खांबाभोवती फिरणारे चार हात आणि त्यांच्या खाली फिरणारे चार पाट. पाटावर टी-शर्ट चढवायचा. प्रत्येक हातात बारीक जाळीची एक चौकट बसते. चौकट खाली आणायची, तिच्यात रंग घालून रबरी पट्टीने ओढायचा. जाळीतून रंग कपड्यावर उतरतो. एका हातात पांढरा, दुसऱ्यात लाल. पांढऱ्यावर लाल नेमका बसला, तरच अक्षर अक्षर दिसते. तांदळाच्या दाण्याएवढा सरकला, तरी टी-शर्ट वाया गेला. माझे सगळे आयुष्य या एका दाण्याएवढ्या अंतराचे आहे.

कोईमतूरच्या बाजूला कुठेतरी माझा खांब ओतला गेला. पहिली काही वर्षे मी भिवंडीतल्या एका कारखान्यात होते. तिथे मोठी, आपोआप चालणारी यंत्रे आली तेव्हा मला जुन्या मशिनींच्या व्यापाऱ्याकडे पाठवले. त्याच्या शेडमध्ये मी आठ महिने उभी होते. बाजूला चोवीस तास यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळे तिथे कोणी हळू बोलत नसे.

सात वर्षांपूर्वी एका शुक्रवारी तिथे नामा आणि रूपा आले. नामा कोन गावचा. भिवंडीतल्या छपाईच्या कारखान्यात त्याने चौदा वर्षे पट्टी ओढली होती. आता त्याला कल्याण रोडवर कोन नाक्याजवळ घरच्या गाळ्यात स्वतःचे दुकान काढायचे होते. रूपा त्याची बायको. तिच्या पिशवीत एक सुतळी होती आणि सुतळीला एक गाठ.

व्यापारी रूपाला म्हणाला, "भाभी, आप बाहर कुर्सी पे बैठो. इधर तेल है, साडी खराब हो जाएगी."

नामा म्हणाला, "वो बाहर बैठेगी तो मशीन कौन देखेगा, सेठ? मेरे को तो बस चलाने का है."

शेडमध्ये आम्ही तीन यंत्रे होतो. एक साधे मेज, एका बिजागरीचे. नामाने त्याच्याकडे नुसते पाहिले. "एका रंगाचं काम नाक्यावर कोण देतंय?" दुसरे सहा रंगांचे, कोरे, निळ्या रंगाचे. ते नामाच्या डोळ्यांत भरले. तो त्याच्याभोवती दोनदा फिरला. रूपाने सुतळी काढून त्याच्या पायाला लावली. गाठ संपली, तरी यंत्र उरलेच.

"आपल्या दारातून हे जात न्हाय," ती म्हणाली.

"दार काढू."

"दार काढाल. समोरची भिंत पण काढाल? हे फिरायला लागलं की तुम्ही उभे कुठं राहणार, रस्त्यावर? कल्याणचे ट्रक काय तुम्हाला बघून थांबतील?"

व्यापारी हसला. नामाही हसला, पण निळ्या यंत्रावरचा हात त्याने काढला नाही. मग रूपाने पिशवीतून पेन्सिलीचा एक तुकडा काढला. "तुमच्या कारखान्यात करतात ना, तसं करून बघा. मग मी काय बोलणार न्हाय."

नामाने निळ्या यंत्राच्या हाताला दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि पाटावर कोरा कागद चिकटवला. हात खाली आणला, ठिपका पडला. पाट पूर्ण फिरवून परत तिथेच आणला, पुन्हा हात खाली. असे दहा वेळा. कागदावर तीन ठिपके दिसत होते. पत्रा पातळ होता, हात किंचित डुलत होता.

मग तो माझ्याकडे आला. दहा वेळा फिरवले. रूपाने कागद उजेडात धरला. एकच ठिपका होता, फक्त जरा ठळक.

"हीच," रूपा म्हणाली. तिने तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. पुढे तो माझ्या मागच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी चिकटवला गेला.

मित्रांनो, त्यानंतरची सहा वर्षे माझी खरी वर्षे. पट्टी नामा ओढत असे. पण रंगावर रंग जुळवण्याचे काम रूपाचे होते. चार बारीक स्क्रू ती असे फिरवी, की नामा म्हणे, "कांदा चिरताना पण येवढं बघत न्हाय गो तू." क्रिकेटच्या टुर्नामेंटचे टी-शर्ट आम्ही छापले, गोदामातल्या कामगारांचे छापले, वज्रेश्वरीच्या पालखीचे छापले. सर्वांत जास्त छापले ते हळदीचे. आमच्या भागात हळद म्हणजे सगळ्या भावकीने एकसारखे टी-शर्ट घालून नाचायचे. पाठीवर 'नवऱ्याचा काका', 'नवरीचा मामा', काय वाट्टेल ते. एकदा एका आजीबाईंनी स्वतःसाठी 'अजून दम हाय' असे छापून घेतले आणि पसंत पडले म्हणून तो टी-शर्ट तिथेच साडीवर चढवला.

दर शनिवारी नामा मला कोरड्या फडक्याने पुसून खांबाच्या वरच्या टोकाला तेल सोडी. त्या टोकात बेअरिंग आहे, म्हणजे लोखंडी गोळ्यांची माळ. तिच्यावरच मी फिरते. वर एक टोपी असते. पाण्याचा थेंबही तो माझ्याजवळ येऊ देत नसे. दसऱ्याला माझी पूजा होई. मला झेंडूची माळ घातली जाई, एक कुंकवाचे बोट लागे. नारळ मात्र तो बाहेर पायरीच्या दगडावर फोडी आणि खोबऱ्याचा तुकडा कागदावर ठेवून माझ्यासमोर आणी. रूपा शेजारी आरती घेऊन उभी असे.

गेल्या वर्षी श्रावणात त्याने साफसफाईसाठी माझी टोपी काढली. त्या दिवशी त्याला ताप होता. "उद्या बसवतो," असे म्हणून त्याने ती पाटाखालच्या फळीवर ठेवली. साधा ताप नव्हता, कावीळ होती. अठराव्या दिवशी नामा गेला.

तेराव्यानंतर घरातली माणसे गाळ्यात जमली. नामाचा धाकटा भाऊ मनोज पडघ्याला गोदामात सुपरवायझर आहे. तो वाईट माणूस नाही. त्याने गाळ्याची किल्ली आपल्या खिशात ठेवली, कारण आता जबाबदारी आपली, असे त्याला वाटले. "वहिनी, गाळा भाड्यानं देऊ. मोबाइलवाला मागं लागलाय. तुम्हाला एकटीला हे झेपायचं न्हाय."

रूपा म्हणाली, "भावजी, सहा वर्सं रंग मीच जुळवलाय. पट्टी पण ओढीन."

मनोजने थोडा विचार केला. "तुळशीच्या लग्नानंतर माझ्या दोस्ताच्या भावाची हळद हाय. एकशे साठ टी-शर्ट, दोन रंग. ती ऑर्डर करून दाखवा. जमली तर गाळा तुमचा, मी तोंड उघडणार न्हाय. न्हाय जमली तर तुम्ही उघडायचं न्हाय."

"बरं," रूपा म्हणाली.

किल्ली मनोजच्याच खिशात राहिली आणि दसरा आला. घरात वर्ष झालेले नव्हते, त्यामुळे सण नव्हता. पण पुतळाबाई, म्हणजे नामाची आई, म्हणाल्या, "सण नको. पण हत्याराला उपाशी ठेवू नये. ज्याच्यावर पोट हाय त्याची पूजा चुकवू नये." मनोजने माळ आणली, नारळ आणला. रूपा आरतीचे ताट घेऊन आत येऊ लागली, तेव्हा पुतळाबाईंनी तिला उंबऱ्यावर थांबवले.

"तू बाहेरच रहा गो. आता मनोज करील."

पुतळाबाई स्वतःही बाहेरच उभ्या होत्या. नामाचे वडील गेल्यापासून बावीस वर्षे त्या प्रत्येक पूजेला अशाच बाहेर उभ्या राहिल्या होत्या. ते बरोबर की चूक, असे त्यांना कोणी कधी विचारलेले नव्हते.

मनोजने माळ घातली. मग नारळ दोन्ही हातांनी उचलला. भावावरच्या मायेने त्याचे डोळे भरले होते. नारळ माझ्यावरच फोडायचा, असे त्याच्या मनात होते. ट्रकवाले नव्या ट्रकपुढे फोडतात, त्याहून जास्त मानाने.

रूपाने ते ओळखले. "भावजी, तिथं नको, वर टोपी न्हा—"

पुतळाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "पूजेत टोकू नये!"

रूपा उंबऱ्याबाहेरच राहिली. नारळ माझ्या खांबाच्या उघड्या टोकावर आदळला. पहिल्या फटक्याला फुटला नाही, म्हणून मनोजने दुसरा मारला. सगळे पाणी माझ्या आत उतरले. बाहेरच्यांनी हात जोडले.

पूजा झाल्यावर रूपा म्हणाली, "किल्ली ठेवून जा, भावजी. पुसून तेल सोडते."

"आज पूजेचं आहे ते, वहिनी. आज हात लावू नका. उद्या देतो." पण दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याला ड्युटीवर बोलावले गेले आणि किल्ली त्याच्याबरोबर पडघ्याला गेली. तिसऱ्या दिवशी रूपाने फोन केला. तो रविवारी येतो म्हणाला. तो आला नवव्या दिवशी. त्या नऊ दिवसांत नारळाचे पाणी माझ्या गोळ्यांवर चिकट झाले आणि मग तांबडे झाले.

मी फिरेना. रूपा रॉकेल आणायला धावली. ती परत येईपर्यंत मनोजने माझ्या हातात लोखंडी पाइप अडकवून सगळ्या ताकदीने रेटा दिला. गोदामात जाम झालेली प्रत्येक वस्तू तो तशीच सोडवतो. मी ओरडले, पण यंत्राच्या ओरडण्याला लोक आवाज म्हणतात. मग मी फिरले.

"बघा, सुटलं!" मनोज म्हणाला. त्याला खरेच आनंद झाला होता.

हळदीचे कोरे टी-शर्ट दिवाळीनंतर आले. त्यांच्यावर पांढऱ्या अक्षरांना लाल कड हवी होती. रूपाने पहिले बारा छापून दोरीवर टाकले. बारा जागी लाल कड बारा तऱ्हांनी सरकली होती. तिने चारही स्क्रू पुन्हा जुळवले. पुन्हा सहा छापले. मग पट्टी खाली ठेवली, माझ्या हाताला पेन्सिल बांधली आणि पाटावर कागद लावला.

दहा वेळा फिरवले. चार ठिपके पडले.

तिने तो कागद भिंतीवरच्या जुन्या कागदाशेजारी धरला आणि मेकॅनिकला बोलावले. त्याने पाहून सांगितले, की नुसती बेअरिंग नाही, खांबालाच चरे पडले आहेत. त्या मापाचा खांब आता मिळत नाही, नवा करून घ्यायला पंधरा दिवस. हळद सहा दिवसांवर होती. रूपाने एका रंगात छापून देते म्हणून फोन केला. पलीकडून उत्तर आले, "ताई, लग्न एकदाच होतं. अर्ध्या अक्षरात कोण नाचंल?"

ऑर्डर दुसरीकडे गेली. ठरल्याप्रमाणे रूपाने तोंड उघडले नाही. नारळाविषयीही नाही.

गाळ्यात मोबाइलवाला आला. मला घरामागच्या पडवीत आणून ठेवले. रूपा भिवंडीत, नामाच्याच जुन्या कारखान्यात कामाला लागली. तिथे बायकांना छपाईवर घेत नाहीत. ती दिवसभर टी-शर्टचे सुटे धागे कापते. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा येऊन मला कोरड्या फडक्याने पुसते.

पंधरा दिवसांपूर्वीच्या शुक्रवारी एक तरुण जोडपे आले. कुमार आणि मेघाली, वज्रेश्वरीकडचे. त्यांना छोट्या दुकानासाठी यंत्र निवडायचे होते. मनोज सांगत होता, "एक नंबर पीस. भावाच्या हातचं. नुसतं तेल सोडा आणि चालू करा." त्याला खोटे बोलायचे नव्हते. त्याला मी अजूनही तशीच वाटत होते.

मेघाली अंगणात तुळशीजवळ उभी होती. रूपा बाहेर आली आणि तिने आधी तिलाच हाक मारली. "तू तिथं काय करतेस? आत ये. हात लाव. काम तुलाच करायचं हाय ना?"

मेघाली आत आली. रूपाने तिच्या हातात पेन्सिलीचा तुकडा दिला. कसा बांधायचा, कागद कसा लावायचा, कसे फिरवायचे, सगळे दाखवले. मेघालीने मला दहा वेळा फिरवले. मग तिने कागद उजेडात धरला.

"चार आहेत," ती म्हणाली.

"एक पाहिजे. एका रंगाला ही चालंल, दोनाला फसवील. घेऊ नका."

मनोज म्हणाला, "वहिनी, काय बोलताय? गिऱ्हाईक हाय ते!"

"खरं बोलतेय."

"पण अशी झाली कशानं?"

पुतळाबाई दारात बसल्या होत्या. रूपाने एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग तिने मनोजला शांतपणे सगळे सांगितले. टोपी, नारळ, नऊ दिवस, पाइप. तिच्या आवाजात राग नव्हता. मनोज पडवीच्या कट्ट्यावर बसला. पुतळाबाईंनी आपला उजवा हात, ज्याने त्यांनी रूपाला धरले होते, पदराखाली घेतला.

जाताना मेघाली पेन्सिल परत देऊ लागली. रूपा म्हणाली, "राहू दे तुझ्याजवळ. दुसरी मशीन बघायला जाल तेव्हा लागंल. आणि कोणी बाहेर बस म्हटलं तरी बसू नको."

येत्या शुक्रवारी भंगारवाल्याचा टेम्पो येणार आहे. काल मनोजने पडवीत येऊन माझी टोपी शोधली आणि कोणाला न सांगता माझ्या टोकावर बसवली. घट्ट बसवली आहे. आता तिचा काही उपयोग नाही, पण मला ते आवडले.

मित्रांनो, यंत्राला कोरडे पुसा, वेळेवर तेल द्या, काढलेली टोपी त्याच दिवशी बसवा. हे सगळे कोणीही सांगेल. मी एवढेच जास्त सांगते, की ज्याला आमची जाण आहे, त्याला उंबऱ्याबाहेर उभे करू नका. आणि त्या माणसाच्या जागी कधी तुम्ही असाल, कोणी तुमचा हात धरून गप्प करील, तर पूजा चालू असली तरी टोका.