गिऱ्हाइकाचं वाक्य

“हे घ्या काकू, ह्यात चित्रंपण आहेत,” असं म्हणत दुकानातल्या विक्रेत्यानं चौथं पुस्तक काउंटरवर टाकलं, आणि काकूंच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली.

चित्रं होतीच. मुखपृष्ठावर उन्हाची टोपी घातलेली एक बाई हातात वाइनचा पेला धरून सगळे दात दाखवत हसत होती. आधीच्या तिन्ही पुस्तकांवरही असलंच कुणी ना कुणी खिदळत होतं. इटालियन शिकायचं म्हटलं की माणसाला एवढं हसू कशाचं सुटतं, देव जाणे.

“चित्रं काय करायचीत मला? ‘उठू नका, पडून राहा’ हे कुठल्या पानावर आहे ते सांगा.”

विक्रेता गोंधळला. मग बिचारा खरोखरच पानं उलटू लागला. काकूंनी चष्मा वर सरकवून त्याच्या खांद्यावरून वाचलं. मला समुद्राकडची खोली हवी. हे सूप गार आहे. माझं सामान वर पाठवा. हा काटा अस्वच्छ आहे, बदलून द्या.

“शी! ह्या मेल्यांना बसल्या जागी सगळं आणून द्यायचं का कुणीतरी?”

“काकू, ही फिरायला जाणाऱ्यांसाठी असतात. तुम्ही कधी जाताय?”

“मी कुठं मरायला जातेय! घरातल्या माणसाशी बोलायचंय.”

काकूंनी त्याच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. त्याला आणखी सांगण्यासारखं होतंच काय? काकूंचे यजमान जन्मभर परदेशी बोटीवर होते. सगळी गल्ली त्यांना कप्तान म्हणायची. कप्तान नव्हते ते, पण साहेब होते, बोटीच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, असं तेच सांगत. वर्षातून एकदा घरी येत, पितळी बटणांचा पांढरा कोट घालून खुर्चीत बसत आणि गल्लीतल्या पोरांना वादळांच्या गोष्टी सांगत. तीन महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. मग हळूहळू बोलणं परत आलं, ते भलतंच. काकूंना, मुलाला, कुणालाच कळेना. डॉक्टर म्हणाले, “इटालियन वाटतंय. असं होतं कधीकधी, मागून शिकलेली भाषा तेवढी उरते. त्यांच्याशी त्या भाषेत बोला, शांत होतील.” म्हणजे चाळीस वर्षं ज्या भाषेत संसार केला ती गेली, आणि ही उपटसुंभ तेवढी राहिली!

नुसतं बोलत राहिले असते तरी चाललं असतं. पण कप्तान उठायचे. दिवसातून कितीदा तरी, एकाएकी, काहीतरी पुटपुटत पलंगावरून उठायला बघायचे आणि उजवा पाय लाकडासारखा तसाच राहायचा. एकदा पडले ते कपाळ फुटलं, टाके पडले. तेव्हाच मुलगा म्हणाला, “आई, परत पडले तर खुब्याचं हाड जाईल. तुझ्याच्यानं नाही व्हायचं. आजाऱ्यांना ठेवतात ना, तिथं जागा मिळतेय. पलंगाला बांधून ठेवतात, पडायची भीती नाही. रविवारी सोडून येऊ.”

बांधून! काकूंनी त्या क्षणी ठरवलं की भाषा शिकायची. निदान ‘पडून राहा’ एवढं तरी.

दुकानातून त्यांनी शेवटी दोन पुस्तकं आणली, एक जाड आणि एक पातळ. मुलानं फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. काकू कपडे उसवून-शिवून द्यायचं काम करत. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कोटाला अस्तर लावायचं. ते शिवण मांडीवर घेऊनच त्या शिकायला बसल्या.

जाड पुस्तक दुपारपर्यंतच नजरेतून उतरलं. त्यात माणूस बोलतच नव्हता, नुसत्या क्रियापदांच्या रांगा उभ्या. ॲपमध्ये एक पोपट होता. बरोबर आलं की तो पंख पसरून नाचायचा, चुकलं की रडायचा. ‘मुलगी सफरचंद खाते’ हे काकूंनी बरोबर सांगितल्यावर त्यानं असा काही धिंगाणा घातला, की काकूंनी फोन पालथा घातला. घरात माणूस कपाळ फोडून पडलाय, आणि हा मेला नाचतोय सफरचंदासाठी.

मुलगा फोनवर म्हणाला, “अगं, गंमत म्हणून असतो तो.”

“मला नकोय गंमत. आणि तू काय रे, बाबा काय बोलतात ते फोनला विचारत होतास ना?”

“विचारलं. त्यांची जीभ अडखळते, फोनला काही कळत नाही. एवढंच सांगतो, सिन्योरा म्हणजे बाई.”

ते काकूंना आधीच कळलं होतं आणि तेच तर काट्यासारखं सलत होतं. सिन्योरा, सिन्योरा. दिवसभर जप. शब्दापेक्षा आवाज जास्त लागायचा. असा मऊ, असा आर्जवी, जणू कुणाच्या तरी पायाशी बसलाय माणूस. हा आवाज काकूंच्या वाट्याला जन्मात आला नव्हता. त्यांच्या वाट्याला काय आलं? घरी आले की कप्तान जेवायला बसत आणि चमच्यानं पेला वाजवत. टिंग टिंग. पाणी हवं, टिंग टिंग. मीठ कमी, टिंग टिंग. हाक म्हणून मारायची नाही. काकू शिवण टाकून धावायच्या. ताट संपेपर्यंत उभ्या राहायच्या.

शेजारीण परवाच बोलून गेली होती, “पुरुषाची जात, आणि जन्म बाहेर काढलेला. असेल कुणीतरी तिकडची.”

काकूंनी सुईत दोरा ओवला. पण रात्रंदिवस कप्तानांचं गू-मूत काढताना त्यांना आली नव्हती एवढी किळस त्या एका शब्दाची येत होती. आणि आपण म्हातारपणी पुस्तकं आणून शिकणार काय, तर सवतीची भाषा!

शनिवारी सकाळी त्यांनी पातळ पुस्तक काढलं. ह्याच्याबरोबर ऐकायचे धडे होते, ते मुलानं फोनवर लावून दिले होते. पद्धत अशी की धड्यात दोघं बोलणार. एकाची वाक्यं ऐकू येणार, दुसऱ्याच्या जागी गप्प जागा ठेवलेली. तिथं शिकणाऱ्यानं बोलायचं. धडा चौथा, ‘उपाहारगृहात’. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुम्ही गिऱ्हाईक आहात.’

“आहे हं मी गिऱ्हाईक!” काकू पुटपुटल्या आणि बटण दाबलं.

आधी हॉटेलातला गलबला ऐकू आला. मग पेल्यावर चमचा वाजला. टिंग टिंग.

आतल्या खोलीत पलंग करकरला.

काकू मांडीवरची पँट टाकून पुस्तकासकट धावल्या. कप्तान उठून बसले होते. नुसते बसले नव्हते, डावा पाय जमिनीवर टेकून, भिंतीला खांदा लावून निम्मेअर्धे उभे राहिले होते. उशाचा टॉवेल त्यांनी डाव्या हाताच्या मनगटाजवळ घडी पडेल असा टाकला होता. मान किंचित पुढं झुकलेली.

“सूबितो, सिन्योरा,” फोनमधला वेटर म्हणाला.

“सूबितो, सिन्योरा,” कप्तान म्हणाले. तोच सूर. तोच मऊपणा.

काकू दारातच थबकल्या. हातातल्या पुस्तकात वेटरचं वाक्य बारीक अक्षरांत छापलं होतं, शिकणाऱ्याला त्याची गरज नाही म्हणून. खाली अर्थ दिला होता. ‘लगेच आणतो, बाईसाहेब.’

पांढऱ्या कोटाची डावी बाही. दर वर्षी ती मनगटाच्या वरच्या बाजूला, टॉवेल पडतो तिथंच, घासून विरलेली असायची, आणि काकू आतून कापड लावून ती रफू करायच्या. “टेबलावर हात टेकून लिहावं लागतं ना सारखं,” कप्तान सांगायचे. लिहिणारा माणूस उजव्या हातानं लिहितो आणि बाही खालून झिजते, हे काकूंच्या हातांना तेव्हाही कळलं होतं. पण साहेबाच्या बायकोला असल्या शंका बऱ्या दिसत नाहीत, म्हणून त्यांनी गुपचूप टाके घातले होते.

काकूंना कोणाची किळस यावी तेच कळेना. ज्या मेल्यांनी जन्मभर पेले वाजवून ह्या माणसाला नाचवलं त्यांची? तेच शिकून घरी येऊन बायकोला नाचवणाऱ्या ह्या माणसाची? की नाचणाऱ्या आपली? सवत असती तर बरं झालं असतं. सवतीला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

कप्तान डुलायला लागले. पाय थरथरत होता. “अहो, बसा ना,” काकू ओरडल्या. “बसा, पडाल!” ते त्यांना कळलंच नाही. बाईसाहेबांनी अजून काही सांगितलं नव्हतं. बाईसाहेबांनी सांगितल्याशिवाय ते हलणार नव्हते.

फोनमध्ये गप्प जागा आली होती. गिऱ्हाइकाची.

काकूंनी पुस्तकात पाहिलं. ठळक अक्षरांत वाक्य होतं, आणि ते तोंडात घेताना त्यांना दुसऱ्याची उष्टी चूळ भरल्यासारखं झालं. तरी त्यांनी घेतलं. पाठ ताठ केली, हनुवटी वर केली, मुखपृष्ठावरच्या त्या टोपीवालीसारखी.

“बास्ता कोझी, ग्रात्सिए,” त्या म्हणाल्या. बस, एवढंच, आभारी आहे.

कप्तानांनी त्यांच्याकडे पाहिलं. मान झुकवली. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला, एखाद्याची कामाची पाळी संपावी तसा. मग ते सावकाश मागं सरकले, पलंगावर टेकले, आणि काकूंनी पाय उचलून वर ठेवले तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. पाठोपाठ डोळेही मिटले. टॉवेल हातावर तसाच होता.

संध्याकाळी मुलगा आला. वडील शांत झोपलेले पाहून त्याला आश्चर्य वाटलं.

“उद्या गाडी नको सांगूस,” काकू म्हणाल्या. “मला जमतंय आता.”

“खरंच? कुठल्या पुस्तकानं जमलं?”

“सगळी भिकार आहेत. ह्या पातळ्यात एक वाक्य कामाचं निघालं.”

“आणि कळलं का, बाबा काय बोलतात ते?”

काकूंनी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि बशीतला चमचा वाजायच्या आत काढून घेतला.

“कळायचंय काय त्यात? हाताखालच्या लोकांना हुकूम सोडतात. साहेब होते ना बोटीवर.”

मुलगा हसला. “मला वाटलंच.”

तो गेल्यावर काकू पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या. कप्तानांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, ओठ हलायला लागले, डावा हात टॉवेलसकट उचलला. काकूंनी पाठ ताठ केली आणि आपलं वाक्य म्हटलं. हात खाली गेला. मग त्यांनी आपला चहा घेतला, आणि साखर तळाशी तशीच ठेवून, न ढवळता प्यायला.